दोन सुयांवर विणलेली शेताची खेळचटई: कोकणातले शेत कसे बसवावे?

दोन_सुया

नमस्कार. लहान मुलांसाठी दोन सुयांवर शेताची खेळचटई विणायची आहे आणि त्यासाठी येथील जाणत्या मंडळींचा सल्ला हवा आहे. चटई जमिनीवर अंथरायची, तिच्यावर खाचरे, गोठा, विहीर आणि झाडे असावीत, आणि मुलांनी विणलेली गुरेढोरे तिच्यावरून फिरवत खेळावे, अशी कल्पना आहे. आकार साधारण ९० सेंमी लांब आणि तेवढाच रुंद. खेळणारी नातवंडे दोन. धाकटा दीड वर्षाचा, थोरली चार वर्षांची.

विणकामाची पुस्तके आणि तयार नमुने चाळले, तर त्यांतले शेत बहुतेक एकाच साच्याचे दिसते: तांबडे लाकडी कोठार, पांढरे कुंपण, गव्हाचा सपाट पिवळा पट्टा, मेंढ्या आणि गुलाबी डुकरे. नमुने सुबक आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. मुले अंगणात उभी राहिली की त्यांना उतरणीवरची भाताची खाचरे, जांभ्याचा गडगा (चिरे रचून केलेली कुंपणाची भिंत), माड आणि पोफळी दिसतात. दीड-दोन वर्षांचे मूल बोट दाखवून वस्तूंची नावे शिकत असते. त्या वयात हाताखालचे शेत आणि दारापुढचे शेत एकच असावे, असे माझे ठाम मत आहे.

वीण कोणती घ्यावी, लोकर घ्यावी की सुती दोरा, तुकडे विणून जोडावेत की सलग विणावे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही चटई वाळवायची कशी, या बाबतींत मात्र मन पक्के होत नाही. ज्यांनी असे काही विणले आहे किंवा ज्यांना शेताची चांगली माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पोफळीची_सावली

कल्पना फार आवडली. विणीपुरते बोलायचे तर चटईचा पाया सर्व ओळी सुलट विणूनच करावा. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा विणीच्या कडा वळतात, त्यामुळे अंथरलेली चटई कडेने गुंडाळत राहते आणि नुकतेच चालायला शिकलेले मूल त्या कडेला अडखळते. सगळ्या ओळी सुलट घेतल्या की कापड सपाट पडते, जाडसर होते आणि दर दोन ओळींमागे एक आडवा वरंबा उठतो. नांगरलेल्या जमिनीसाठी मग वेगळे काही करावेच लागत नाही. वरंबे आणि सऱ्या विणीतच मिळतात.

हिशेबही सोपा आहे. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरची, म्हणजे ४ मिमी जाडीची सुई घेतली, तर मध्यम हाताच्या व्यक्तीचे १० सेंमीमध्ये साधारण २२ टाके बसतात. म्हणजे १५ सेंमीसाठी ३३ टाके. या विणीत जितके टाके तितके वरंबे झाले की चौकोन पुरा होतो, तेव्हा ३३ वरंबे, अर्थात ६६ ओळी झाल्या की मोजपट्टी न लावता थांबावे. असे ३६ चौकोन जोडले की तुमची ९० सेंमीची चटई तयार होते. प्रत्येक ओळीतला पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यावा, म्हणजे कड स्वच्छ येते आणि जोडताना टाके स्पष्ट दिसतात.

सुया घेताना एवढे ध्यानात असू द्यावे की आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते; १० नंबरची सुई सव्वातीन मिमीची असते. बाहेरच्या नमुन्यांत बहुधा थेट मिलिमीटर दिलेले असतात, त्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

खळ्यावरून

पोफळीची_सावली ताईंचा हिशेब अचूक आहे, परंतु ३६ सारखे चौकोन ही मांडणी मला पटत नाही. मी लांजा तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे एकसारखी दोन खाचरे शेजारी शेजारी शोधूनही सापडत नाहीत. डोंगरउतारावर बांध घालून पायऱ्यापायऱ्यांनी जमीन काढलेली असते. बांध उताराच्या वळणाने जातो, म्हणून एखादे खाचर चांगले ऐसपैस, तर त्याच्या खालचे नुसते लांबुळके. समान चौकोन जोडले तर बुद्धिबळाच्या पटासारखे शेत दिसेल, आणि ज्या कारणासाठी दोन_सुया ताई तयार नमुने बाजूला ठेवत आहेत, तेच कारण पुन्हा समोर येईल.

विणकाम घरात पत्नी करते. तिचे म्हणणे असे की चौकोनांऐवजी ३३ टाक्यांच्या सहा लांब पट्ट्या विणाव्यात, प्रत्येक पट्टी १९८ वरंब्यांची. माप तेच राहते, पण पट्टीत रंग कोठे बदलायचा हे आपल्या हाती राहते. एका पट्टीत २५ वरंब्यांवर रंग बदलावा, शेजारच्या पट्टीत ६० वर, तिसरीत पुन्हा ४० वर. त्यामुळे खाचरे लहानमोठी होतात आणि त्यांच्या रेषा एकमेकींसमोर येत नाहीत. शिवाय ३६ तुकडे जोडण्याऐवजी पाच लांब शिवणी घालाव्या लागतात, हा फायदा वेगळाच.

दोन_सुया

पट्ट्यांची सूचना तत्काळ मान्य. खळ्यावरून दादा, वहिनींना माझे धन्यवाद सांगावेत.

शिवण_टिपण

पट्ट्यांच्या मांडणीत पाच उभ्या शिवणी वरपासून खालपर्यंत सरळ दिसतील, त्यांचे काय करावे? कडेचे वरंबे एकमेकांत अडकवून शिवले तर शिवण जवळजवळ दिसेनाशी होते, हे खरे. परंतु तेवढी सफाई सर्वांनाच साधते असे नाही.

बांधावरची_वाट

शिवण लपवूच नये, असे मी सुचवीन. खाचराला बांध हवाच असतो आणि बांध जमिनीपेक्षा उंच असतो. तेव्हा दोन पट्ट्या उलट बाजूंनी एकमेकींवर ठेवाव्यात, म्हणजे दोन्ही सुलट बाजू बाहेर राहतील, आणि क्रोशाच्या सुईने दोन्ही कडांतून एकत्र आखूड टाके घेत जोडत जावे. जोड सुलट बाजूला उठून येतो आणि त्याचा चांगला बोटभर रुंद बांध तयार होतो. ३.५ किंवा ४ मिमीची क्रोशाची सुई पुरते. रंग ओल्या मातीचा घ्यावा किंवा बांधावरच्या गवताचा. मी मातीचा घेईन, कारण त्यामुळे दोन्हीकडची हिरवी खाचरे वेगळी उठून दिसतात. टाके फार आवळू नयेत, नाहीतर शिवण आखडून चटई मध्ये फुगते.

आमच्या घरी अशाच जोडाची एक दुलई आहे. मुले त्या उंच रेघेवरून दोन बोटे चालवत नेतात आणि बोट घसरले की खाचरात पडले म्हणून हसतात. चार वर्षांची मुलगी हा खेळ स्वतःच शोधून काढील.

माडाचे_झाप

वा! बांधाची युक्ती उत्तम. खाचरांच्या रंगांविषयी चार शब्द लिहितो. आपल्याकडे एकच शेत वर्षभरात इतके रंग बदलते की सगळी खाचरे एका हिरव्या रंगात विणणे हा त्या शेतावर अन्याय होईल. मृगाच्या सुमारास पेरलेला तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, पोपटी असतो. आषाढात लावणीच्या वेळी चिखलणी केलेले खाचर करडे-तपकिरी दिसते, त्यात पाणी साठलेले आणि मध्ये रोपांच्या चुडांच्या विरळ हिरव्या रेघा. श्रावणात गडद हिरवे, आश्विनात कापणीला आलेले सोनेरी, आणि पुढे उन्हाळ्यात भाजावळ झाली, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजली, की राखेचा काळपट तुकडा. हे सारे महिने एकाच चटईवर शेजारी शेजारी ठेवता येतील. थोरली नात ते क्रमाने ओळखायला शिकेल, धाकट्याला नुसते रंग पुरेत.

विणीनेही फरक दाखवता येतो. तरव्याला साबुदाण्याची वीण, म्हणजे एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट. लावणीच्या खाचरात तपकिरी पायावर दर काही टाक्यांनी हिरव्या दोऱ्याने उभे दोन-दोन टाके भरावेत. पिकलेल्या भातासाठी सोनेरी रंग आणि उभ्या रेघांची, तीन सुलट दोन उलट अशी वीण. फक्त उभ्या रेघांची वीण आत ओढली जाते आणि पट्टी तेवढ्या भागात अरुंद होते, म्हणून तेथे तीन-चार टाके वाढवावेत आणि पुढे पुन्हा घटवावेत.

पोफळीची_सावली

माडाचे_झाप यांच्या उभ्या रेघांच्या विणीला माझा थोडा विरोध आहे. टाके वाढवले तरी ती वीण ताणली जाते आणि सैलही होते. मुले वर बसली, रांगली की त्या भागाचा आकार पालटतो. त्याऐवजी सर्व सुलट विणीतच सोनेरी आणि फिकट बदामी अशा दोन छटा दोन-दोन ओळींनी आलटून पालटून घ्याव्यात. पिकलेल्या भाताचा भास तेवढ्यानेही होतो आणि पट्टी सरळ राहते. साबुदाण्याची वीण मात्र अगदी योग्य; तिच्याही कडा वळत नाहीत.

वेळणेश्वर_वारा

आता दोऱ्याकडे वळू. माझ्या मते सुती दोरा घ्यावा. किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक महिने उकाडा आणि दमटपणा असतो, त्यात लोकरीवर बसलेले मूल घामाघूम होते. खरी लोकर काही मुलांच्या कातडीला टोचतेही, शिवाय दमट कपाटात तिला कसर लागते.

शिवण_टिपण

सुती दोऱ्याच्या बाजूने बोलताना त्याच्या वजनाचाही विचार व्हावा. त्याला ताण देणारी लवचीकता नसते, त्यामुळे मोठी चटई धुताना स्वतःच्या वजनाने लांबते, आणि पाणी शोषून घेतल्यामुळे वाळायला फार वेळ लावते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या चार महिन्यांत जाड सुती चटई आतून पूर्ण वाळली की नाही, हे हात लावून कळत नाही. वरून कोरडी, आतून ओली राहिली की तिला कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. तान्ह्या मुलांच्या तोंडाशी जाणाऱ्या वस्तूवर बुरशी नकोच.

मी ॲक्रिलिक लोकर सुचवते. ती पाणी कमी धरते, निथळली की पंख्याखाली लवकर वाळते, तिला कसर लागत नाही, आटत नाही आणि स्वस्तही पडते. या आकाराच्या चटईला पायापुरती अर्धा ते पाऊण किलो लोकर लागेल. एका रंगाचे सगळे गुंडे एकदमच आणि एकाच लॉटचे घ्यावेत, कारण पुढच्या खेपेला आणलेल्या गुंड्याची छटा किंचित वेगळी निघते.

एक सावधगिरी मात्र आपल्या भागात आवर्जून सांगायला हवी. पावसाळ्यात कपडे न वाळल्यास आपण सर्रास इस्त्री फिरवतो किंवा चुलीवरच्या दोरीवर टाकतो. ॲक्रिलिकवर इस्त्री कदापि फिरवू नये. उष्णतेने त्याचा ताठपणा कायमचा जातो, वीण लुळी पडते आणि पुन्हा धुऊनही पूर्ववत होत नाही. आगीजवळ तर तो दोरा वितळतो. चटई पिळूसुद्धा नये. जाड पंच्यात गुंडाळून दाबावी आणि आडवी पसरून वाळवावी.

वेळणेश्वर_वारा

शिवण_टिपण ताईंचा वाळण्याचा मुद्दा मान्य. मग असे करता येईल का, की चटई ॲक्रिलिकची आणि मूल जिथे गाल टेकते अशी गुरेढोरे सुती दोऱ्याची? ती लहान असल्यामुळे लवकर वाळतील.

शिवण_टिपण

नक्कीच. गडद लाल आणि गडद हिरवा सुती दोरा रंग सोडतो की नाही, ते आधी पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्यात थोडा वेळ दाबून ठेवला की लगेच कळते. मुले बाहुल्या तोंडात घालणारच.

गोधडीवाल्या_आजी

मंडळी, अस्तराचा विषय अजून कोणी काढलेला नाही. नुसती विणलेली चटई फरशीवर सरकते आणि विणीच्या छिद्रांतून गारवा लागतो. जुन्या सुती नऊवारीचे दोन पदर खाली घेऊन धावदोरा घातला की चटईला अंग येते. नव्या कापडापेक्षा अनेकदा धुतलेले जुने लुगडे चांगले, कारण ते पुढे आटत नाही आणि मऊ असते. धावदोरा बांधांच्या रेघेवरूनच घालावा, म्हणजे वरून दिसत नाही.

बांधावरची_वाट

आजी, तुमच्या हातचे काम टिकाऊ असणार यात शंका नाही. परंतु अस्तर कायमचे शिवले तर शिवण_टिपण ताईंनी सांगितलेली पावसाळ्याची अडचण परत येते. सुती लुगडे ओलावा धरून ठेवील आणि वरची चटईही वाळू देणार नाही. लुगड्याची वेगळी पातळ गोधडी करावी आणि चारही कोपऱ्यांना व कडांच्या मध्यावर खालच्या बाजूने कापडी बिरडी लावून ती चटईला अडकवावी. धुताना दोन्ही वेगवेगळी करता येतील.

गोधडीवाल्या_आजी

हे बरोबर आहे. बिरडी घट्ट शिवा, आणि ती खालच्याच बाजूला असू द्या. गोधडीच्या खाली, फरशीकडे, रबराची जाळी ठेवा म्हणजे सगळे मिळून सरकणार नाही.

अंगणवाडी_ताई

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोज काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. दोन_सुया ताईंच्या घरी दीड वर्षाचे मूल आहे आणि चार वर्षांचेही आहे. अशा वेळी सगळी चटई धाकट्याच्या वयाला सुरक्षित असली पाहिजे, कारण थोरलीची खेळणी त्याच्या हाती लागणारच.

डोळ्यांसाठी मणी, बटणे, प्लॅस्टिकचे डोळे मुळीच लावू नयेत. काळ्या दोऱ्याने भरावेत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुट्या भागांची चाचणी ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत घालून घेतात आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी मानतात. विणलेली वस्तू दाबली की लहान होते, म्हणून कोंबडीचे पिल्लूसुद्धा दाबल्यावर त्या नळीत मावणार नाही एवढे, निदान सहा-सात सेंमीचे आणि घट्ट भरलेले असावे. शेपटी, कासरा, बैलाची वेसण यांसाठी लांब दोरे सोडू नयेत. गवत दाखवण्यासाठी सैल फास सोडण्याची एक वीण आहे. ती दिसायला फार गोड असते, पण त्या फासांत लहान बोट अडकते. ती टाळावी.

भरण्यासाठी आपल्याकडे सावरीचा कापूस घरचा असतो, मात्र तो धुतल्यावर गोळे धरतो आणि ओल धरतो. बाजारात मिळणारा पॉलिएस्टरचा धुता येणारा कापूस घ्यावा. वीण घट्ट हवी, म्हणून प्राण्यांसाठी सुई दोन नंबरांनी बारीक, म्हणजे १० नंबरची घ्यावी, नाहीतर टाक्यांतून कापूस डोकावतो.

आणि एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची: ही चटई जागेपणी खेळण्यासाठी आहे. कोणी वर्षाच्या आतील बाळासाठी विणणार असेल तर त्याला तिच्यावर झोपवू नये. तान्ह्या बाळाचे अंथरूण कडक आणि सपाट असावे. मऊ, जाड, उंचसखल चटईत तोंड रुतण्याचा धोका असतो.

औषधपेटी

अंगणवाडी_ताईंच्या प्रत्येक वाक्याशी सहमत. साठवणीबाबत भर घालतो. चटई घडी घालून ठेवताना कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. लहान मुलांच्या वस्तूंत त्या ठेवू नयेत. त्या गोळ्यांतील नॅफ्थलीनच्या वाफेने आणि संपर्काने काही मुलांच्या, विशेषतः जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होऊ शकते. ही कमतरता घरच्यांना ठाऊक असतेच असे नाही. ॲक्रिलिकला तर गोळ्यांची गरजच नाही. उन्हात तापवून, सुती पिशवीत घालून, भिंतीला न टेकता फळीवर ठेवावी, एवढे पुरे.

खळ्यावरून

आता गुरांकडे येऊ. नमुन्यातली काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची गाय विणू नये, अशी विनंती. आपली कोकण कपिला विणावी. लहान चणीची, बहुधा तांबूस तपकिरी किंवा काळी, डोंगरात चढणारी ही गाय आहे आणि देशी गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून तिला मान्यता मिळालेली आहे. विणायलाही सोपी, कारण एकाच रंगात होते. शेळीसाठी सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ घ्यावी: काळे अंग, नाकापासून कानापर्यंत चेहऱ्यावर दोन्हीकडे पांढरा पट्टा आणि लोंबते लांब कान. ते कान चपटे विणून मुळाशी घट्ट शिवले की मूल त्याला धरूनच शेळी उचलेल. म्हैस हवीच, आणि चिखलणीच्या खाचरात दोन पांढरे बगळे.

मेंढ्या मात्र गाळाव्यात. आपल्या पावसात मेंढी टिकत नाही.

रोह्याची_वाट

मेंढ्या सरसकट गाळू नयेत, असे माझे मत आहे. पावसाळ्यात त्या आमच्याकडे नसतात, हे मान्य. परंतु दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन रायगड जिल्ह्यात उतरतात आणि पावसाच्या आधी परत चढतात. कापणी झालेल्या खाचरांत शेतकरी त्यांच्या मेंढ्या रात्री बसवून घेतात, कारण लेंडीखत आयते मिळते आणि त्याबदल्यात धनगरांना धान्य किंवा पैसे दिले जातात. आमच्या मुलांना मेंढी चांगली ठाऊक असते. ती सोनेरी खाचरापलीकडे, कापणीनंतरच्या भुऱ्या खाचरात दाखवावी आणि तिच्याबरोबर घोंगडी घेतलेला धनगर असावा. म्हणजे मेंढीही राहील आणि तिची जागाही खरी असेल.

खळ्यावरून

रोह्याची_वाट यांचे म्हणणे योग्य आहे. उत्तरेकडच्या भागातली ही रीत मी लक्षात घेतली नव्हती. गुहागरच्या चटईवर ती असावी की नाही, हे दोन_सुया ताईंनी ठरवावे.

तिलारीकाठ

प्राणी विणायला सवड नसेल तर सावंतवाडीची लाकडी खेळणी या चटईवर ठेवता येतील का?

अंगणवाडी_ताई

तीन वर्षांवरील मुलांसाठी अवश्य, आणि दोन्ही कला एकत्र पाहून आनंद होईल. धाकटा खेळत असताना मात्र ती उचलून ठेवावीत. लहान, टणक वस्तू तोंडात जाते आणि तिच्यावर पडल्यास इजाही होते.

माडाचे_झाप

बैलजोडीबरोबर पॉवर टिलरही असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आमच्या लहान खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही, त्यामुळे चिखलणीला आता बहुतेक ठिकाणी टिलरच दिसतो, आणि मुलांना तर त्याचा आवाज काढत चालवायला सर्वांत जास्त आवडते. शेत खरे दाखवायचे तर आजचे दाखवावे.

विहिरीसाठी क्रोशे सोयीचे. पहिल्या फेरीत ६ आखूड टाके आणि पुढे प्रत्येक फेरीत ६ टाक्यांची वाढ केली की निळा गोल अगदी सपाट पडतो. हवा तेवढा झाला की वाढ थांबवून जांभ्याच्या तांबड्या रंगात तीन-चार फेऱ्या सरळ वर न्याव्यात; विहिरीचा कठडा उभा राहतो. विहिरीपासून पोफळींकडे जाणारा पाट निळ्या रंगात, सहा टाक्यांच्या वेणीच्या विणीत वेगळा विणून वर शिवावा. त्याची वळणे बोटांना कळतात. गडग्यासाठी चार सुलट, चार उलट अशी चौकटीची वीण, दर सहा ओळींनी बदलत; चिरे रचल्यासारखे उठून येतात.

बचतगट_मैत्रीण

आमच्या गटाला या चटया विणून विकता येतील का? पर्यटक अशा वस्तू विचारतात.

अंगणवाडी_ताई

विकण्यापूर्वी नियम पाहून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह आवश्यक झाले आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. गटातील विणकर महिलांची ती नोंदणी होऊ शकते का, याची चौकशी आधी करावी. घरच्या मुलांसाठी विणताना हा प्रश्न येत नाही.

दोन_सुया

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा आराखडा आता असा ठरला आहे: ॲक्रिलिकच्या सहा पट्ट्या, त्यांत तरवा, लावणी, पिकलेले भात आणि भाजावळ अशी लहानमोठी खाचरे, डाव्या कडेच्या पट्टीत गडगा, गोठा आणि विहीर, उजव्या कडेला माड-पोफळी. झाडे चटईलाच शिवणार, गुरे आणि टिलर सुटे. आजींची गोधडी बिरड्यांनी खाली. मेंढ्या आणि धनगर मी घेणार आहे; नातवंडांचे आजोळ पेणचे आहे, तेव्हा त्यांनी तो कळप पाहिलेला आहे.

एकच प्रश्न उरतो. पट्ट्यांच्या जोडाचे उभे बांध उंच होतील, पण पट्टीच्या आत जिथे रंग बदलतो तिथे आडवा बांध नुसताच सपाट राहील. पाणी अडवायला तो तर अधिक महत्त्वाचा. तो कसा उठवावा?

पोफळीची_सावली

त्यासाठी विणीतच चुणी घ्यावी. खाचराचा रंग संपला की मातीच्या रंगाने आठ ओळी घ्याव्यात, सुलट बाजूने सुलट आणि उलट बाजूने उलट. मग पुढची सुलट ओळ विणताना डाव्या सुईवरच्या प्रत्येक टाक्याबरोबर मागच्या बाजूने मातीच्या रंगाच्या पहिल्या ओळीतला, त्याच्या नेमका खालचा फास उचलून दोन्ही एकत्र सुलट विणावेत. आठ ओळींची घडी पडून गोल, भरीव बांध उभा राहतो. खालची ओळ चुकू नये म्हणून तिच्यातून आधीच वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून ठेवावा आणि शेवटी काढून टाकावा.

या आठ ओळी घडीत जातात, त्यामुळे १९८ वरंब्यांत त्या मोजू नयेत, आणि प्रत्येक पट्टीत बांधांची संख्या सारखी नसली तरी लांबी मोजपट्टीनेच जुळवावी. दोऱ्याची टोके १५ सेंमी तरी सोडा आणि बांधाच्या पोकळीत दोन्ही दिशांनी ओवून घ्या. तेथे ती दिसत नाहीत आणि ओढली तरी सुटत नाहीत.

दोन_सुया

समजले. मातीच्या रंगाचे दोन गुंडे जास्त घेते.